आमच्या पेटीतला दाखला

मासा विकणारा मासा दाखवून विकतो. मासोळीचं बीज विकणाऱ्याने काय दाखवायचं? हंडीत जिऱ्याएवढे जीव नुसते वळवळत असतात. त्यातला रोहू कुठला, कतला कुठला आणि कुणी खात नाही अशी चिल्लर कुठली, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. कळतं ते दिवाळीला, आणि तोवर विकणारा कुठल्या कुठे गेलेला असतो.

म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यातल्या आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या गावात एक चाल होती. बीज आणणाऱ्याने मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाच्या घरी स्वतःची एखादी अशी वस्तू ठेवायची, की जिच्यासाठी त्याला परत यावंच लागेल. दिवाळीला तलावात जाळं टाकायचं. मासोळी वीतभर झाली, जात पटली, की ठेव परत. कोणी घड्याळ ठेवी, कोणी अंगठी. एका बहाद्दराने लग्नातला कोट ठेवला होता. तो चार महिने आमच्या खुंटीवर लटकला आणि बाबांनी दार लावून दोनदा घालूनही पाहिला. सोसायटीचे अध्यक्ष माझे बाबा होते.

बंगाली काका मी पाचवीत असल्यापासून आमच्याकडे बीज आणत. वैनगंगेपलीकडे, चामोर्शीच्या बाजूला, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे. सरकारनेच त्यांना आणून जंगलात वसवलं होतं. तंबू केव्हाच गेले, विटांची घरं झाली, तरी लोक त्या वस्तीला छावणीच म्हणत. काका तिथून आषाढात यायचे, खांद्यावर कावड, कावडीला दोन जर्मनच्या हंड्या. एसटीत बसले की हंड्या दोन पायांत आणि हात पाण्यात. तळहाताने पाणी सारखं थोपटायचं, म्हणजे बिजाला हवा मिळते. हात थांबला की बीज गेलं. काका बोलत, हसत, डाव्या हाताने बिडी ओढत, पण उजवा हात काही थांबत नसे. तो तळहात श्रावण संपेपर्यंत पांढरा आणि सुरकुतलेला असायचा.

बोलायचे आमच्यासारखंच, मले-तुले, फक्त शब्द जरा गोल करून. मला मात्र ते ‘मा’ म्हणत. त्यांच्यात लहान मुलींना तसंच म्हणतात. आई चिडवायची, "एवढ्या मोठ्या पोराची माय झाली व तू, वाढ त्याले भात." आणि मी वाढायचे.

मी सांगते आहे ती नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी बारावी होऊन घरी बसले होते. काका दरवर्षी ठेव म्हणून हातातलं चांदीचं कडं काढून देत. त्या वर्षी कडं मुलीच्या लग्नात गेलं होतं. पहिल्या खेपेचं बीज तलावात सोडून आल्यावर ते पडवीत बसले, कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली आणि आतून एक चौघडी कागद काढला.

"अध्यक्ष भाऊ, याच्याहून मोठी वस्तू माझ्या घरी नाई," ते म्हणाले.

बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी गोल शिक्का पाहिला आणि समाधानाने मान हलवली. सोसायटीची चार-पाच माणसंही पडवीत होती, त्यांच्यादेखत मी वाचून दाखवलं. निर्वासित म्हणून नोंद झाल्याचा दाखला होता, काकांच्या वडिलांच्या नावाचा. खाली कुटुंबातल्या माणसांची यादी. तिसऱ्या ओळीत काका, वय वर्षं सात. सरकारने ह्या माणसाला हाताला धरून इथे आणलं, असं सांगणारा जगातला तो एकच कागद. घडीच्या रेघेवर तो फाटायला आला होता आणि कोणीतरी भाताच्या पेजेने मागून पट्टी चिकटवली होती.

शहाण्या माणसाने तो हातचा सोडला नसता. शहाण्या माणसाने तो घेतलाही नसता. पण आमच्याकडे वस्तूची किंमत एकाच मापाने व्हायची: माणूस तिच्यासाठी परत येईल का? त्या मापाने दाखला सोन्याहून भारी होता. बाबांनी तो पत्र्याच्या पेटीत माझ्या मार्कशीटखाली ठेवला.

त्या वर्षी पेपरात, टपरीवर, एसटीत एकच विषय होता, घुसखोर. मूलच्या बाजारात जीप फिरायची, वर भोंगा: एकेकाला हुडका, सीमेपार करा. टपरीवरच्या शहाण्यांचे दोन पक्ष पडले होते. एक म्हणे सगळे सारखेच, सगळे हाकला. दुसरा म्हणे, तसं नाही, आधी आले ते निर्वासित, नंतर आले ते घुसखोर. एका तारखेच्या आत सीमा ओलांडली तर दया, दुसऱ्या दिवशी ओलांडली तर दंडुका. ज्यांची धाव कधी बल्लारपूरच्या पलीकडे गेली नव्हती, ते सीमेवर कुंपण किती हात उंच हवं ते सांगायचे. मी पेपर वाचून त्यांना नवीन नवीन शब्द पुरवायचे. मोठी हौस होती मला.

पहिल्या खेपेनंतर आठवडाभराने सोसायटीची सभा झाली. तालुक्यात दोन-तीन तलावांचे ठेके बंगाली ठेकेदारांनी दुसऱ्याच्या नावावर घेतले होते आणि तिथल्या ढिवरांना आपल्याच तलावावर रोजीने जावं लागत होतं. हे खरं होतं, त्याचा राग येणंही खरं होतं. आमच्या तलावाचा ठेकाही त्याच साली नवा व्हायचा होता. तेव्हा ठरलं, तहसीलला ठराव द्यायचा. लिहायला मी. बाबा म्हणाले, "लिही, बाहेरच्या बंगाल्यायले तलाव देऊ नये." एवढंच. पण एवढ्यावर माझं भागणार कसं? मी पेपरातली वाक्यं घातली. ‘सदर इसमांचे नागरिकत्व संशयास्पद असून त्यांची कसून चौकशी करावी व त्यांना तालुक्यातून हद्दपार करावे.’ सभेत वाचून दाखवलं तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मध्येच मला शंका आली. मी बाबांना हळूच विचारलं, "काका बी बंगालीच ना?"

बाबा हसले. "तो काय बंगाली आहे? तो आपला काका आहे."

मलाही ते पटलं. आम्हां सगळ्यांनाच पटलं. ठरावातला बंगाली आम्ही पेपरात पाहिलेला होता, आमच्या पडवीत भात खाणारा तो नव्हे. ठराव तहसीलला गेला, तिथून पुढे ठाण्याला गेला. ठाण्याला आमच्या घरातली नाती कुठून माहीत असणार?

दुसऱ्या खेपेला काका मूलच्या बसस्टँडवर उतरले तो बाजाराचा दिवस होता. स्टँडसमोर पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या एका मुसलमान चाचांचं दुकान होतं. काकांच्या हंड्यांना पडलेले पोचे तेच काढून द्यायचे. दुपारच्या एसटीने हे चाचा दोन्ही हंड्या घेऊन आमच्या अंगणात उतरले. सदरा कोपरापर्यंत ओला, हात पांढरे पडलेले. काय झालं ते त्यांच्याकडून कळलं. दोन पोलिसांनी काकांना हटकलं. राशनकार्ड दाखवलं तर म्हणाले, हे तर कोणीही काढतो, मूळ कागद कुठे आहे? काकांनी आमच्या गावाचं नाव सांगितलं, अध्यक्षाच्या घरी आहे म्हणाले. पोलीस हसले आणि त्यांना घेऊन गेले. हंड्या रस्त्यात राहिल्या. चाचांनी त्या दुकानात घेतल्या आणि सकाळपासून आळीपाळीने दोन्हींतलं पाणी थोपटत बसले. बाजाराचा दिवस असून एक पेटी विकली नाही.

"बीज जित्तं आहे, अध्यक्ष भाऊ," ते म्हणाले. "आता माणसाचं पाहा. कागद घ्या अन् चला माझ्यासंगं."

बाबांनी आधी हंड्या उचलल्या. हंडी तलावात एकदम उलटी करून चालत नाही. ती पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं, मग हळूहळू कलती करायची. बाबांनी त्या दिवशी हे काम फार निगुतीने केलं. इतका वेळ घेतला की परतीची एसटी यायची वेळ झाली. चाचा पडवीत बसून राहिले. बाबा आले, पाय धुतले आणि म्हणाले, "चहा घ्या. परवा पाहू मंग."

चाचांनी चहा घेतला नाही. उठता उठता म्हणाले, "आज त्याले विचारलं, उद्या मले विचारतीन. माझ्या आज्याची कबर मूलमध्येच आहे, भाऊ. पण कबरीवर सरकारचा शिक्का कुठी रायते?"

परतीच्या एसटीत ते एकटेच चढले. बीज मात्र सगळं जगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यातून एक हवालदार आला. अंगणात सोसायटीची सात-आठ माणसं जाळी वाळत घालायला जमली होती. हवालदाराने सगळ्यांदेखत विचारलं, "काय अध्यक्ष, तो बंगाली म्हणतो त्याचा कागद तुमच्याकडे आहे. खरं का?"

मी दारात उभी होते. पेटी माझ्या मागे, चार पावलांवर.

बाबांनी एकदा माणसांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बीज आणते साहेब तो, दरसाल. बाकी कोण, कुठचा, आपल्याले काय मालूम? कागद-बिगद नाई माझ्यापाशी."

हवालदार वहीत काहीतरी लिहून गेला. माणसं पुन्हा जाळी पसरू लागली. त्यांतल्या निम्म्यांनी तो दाखला पडवीत आमच्यासोबत बसून ऐकला होता. एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही, आणि त्यात मीही आले.

संध्याकाळी मी बाबांशी भांडले. म्हटलं, कागद द्या, मी नेऊन देते. बाबा म्हणाले, "ठरावाखाली सही कोनाची? माझी. एकीकडे म्हणतो हाकला, अन् त्यायचाच कागद माझ्या पेटीत. उद्या म्हणतीन अध्यक्षच त्यायले लपवून राह्यला. ठेका होऊन जाऊ दे एकदा." मी रडले, जेवले नाही, भांडी आपटली. आईने समजूत काढली. झालं माझं भांडण.

आता खरं सांगते. पेटीची किल्ली देवाजवळच्या खिळ्याला असायची. मूलला दिवसातून तीनदा एसटी होती. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. मुलीच्या जातीने एकटीने ठाण्यात कसं जायचं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खोटं होतं. याच मुलीच्या जातीने मी एकटी तहसीलला जाऊन ठराव देऊन आले होते आणि पोच घेऊन आले होते. ठाण्यात कोणी विचारलं असतं, हा ठराव कोणाच्या हातचा, तर? मला त्याची भीती वाटली. एक माणूस आत बसला आहे आणि मी माझ्या अक्षराची लाज राखते आहे. ह्याची आठवण झाली की आजही माझं मलाच थोबाड फोडावंसं वाटतं.

काकांना बारा दिवसांनी सोडलं, असं चाचांकडून कळलं. ठेका आम्हालाच मिळाला. गावात पेढे वाटले.

दिवाळीला जाळं टाकलं. कतला वीतभरापेक्षा मोठा, रोहू तसाच, चिल्लर एक नाही. बाबा जाळ्यात हात घालून बघत होते आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बीज अस्सल होतं." चालीप्रमाणे आता ठेव परत करायची होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेतली आणि पेटी उघडली. बाबा समोरच होते. त्यांनी तोंड फिरवलं. मी दाखला वहीत घालून एटापल्लीची एसटी पकडली, ती चामोर्शीवरूनच जाते. शेजारी एटापल्लीकडचे एक वयस्क गोंड शेतकरी बसले होते, चंद्रपूरला कचेरीत जाऊन परत निघाले होते. पुढच्या बाकावर घुसखोरांची चर्चा रंगली होती. ती ऐकून ते मला म्हणाले, "माझ्या बापानं जंगलात वाही-पेरी केली, मी करून राह्यलो. पट्टा मागतलं तं म्हणते जंगलाची जमीन आहे, अतिक्रमण आहे. अन् या बंगाल्यायले सरकारनं झाडं तोडून जमीन देल्ली. आमी कुठचे घुसखोर होतो, बाई?" त्यांचं काही खोटं नव्हतं. मांडीवरच्या वहीत काकांचा दाखला होता आणि तोही खोटा नव्हता. ह्या दोघांना समोरासमोर बसवून सरकार मात्र कुठेतरी चहा पीत असेल, असं मला वाटलं.

छावणीत काकांचं घर सापडायला वेळ लागला नाही. घरामागे छोटी बोडी, म्हणजे तळं, तिच्यात बदकं. काका ओसरीवर होते. बारा दिवसांत माणूस किती उतरतो ते मी पाहिलं. त्यांनी मला ओळखलं, ‘ये मा’ म्हणाले, काकीने मुरमुरे आणि चहा दिला. मी दाखला काढून त्यांच्या हातात ठेवला आणि जी माफी एसटीत घोकली होती ती मागू लागले. ते ऐकत नव्हते. ते दाखल्याकडे पाहत होते.

"हवालदार म्हणे, अध्यक्ष म्हणते कागद नाई माझ्यापाशी," ते शेवटी म्हणाले. "मले वाटलं, भीतीनं जाळून टाकला असन. मी नाई चिडलो. मी बी जाळला असता."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. सोडताना ठाण्याने मुदत दिली होती, जन्माचा पुरावा आणा. पुरावा तर जळाला, असं धरून चाललेल्या माणसाने काय करावं? कचेरीबाहेर बसणाऱ्या एकाने त्यांना जन्माचा नवा दाखला करून दिला. त्यावर लिहिलं होतं की काका ह्याच देशात, ह्याच मुलखात जन्मले. तो कागद कचेरीत जमाही झाला होता.

"जन्मगाव कोनतं टाकू म्हणे तो," काका म्हणाले. "माझ्या तोंडात तुमचंच गाव आलं, मा. दुसऱ्या कोनत्या गावचा तलाव मले एवढा माहीत आहे? कुठी खोल आहे, कुठी गाळ आहे, सांगू शकतो मी. कोनी विचारलं तं."

ते उठले आणि चुलीपाशी गेले. मला कळेपर्यंत वडिलांच्या नावाचा, तिसऱ्या ओळीत सात वर्षांचं पोर असलेला तो कागद जाळात होता. मी ओरडले, "काका, खरा आहे तो!"

"म्हणूनच," ते म्हणाले. "दोन कागद, दोन जन्मगावं. हा सापडला तं तो खोटा ठरन. अन् जमा तं तो झाला आहे."

काकी चुलीकडे पाठ करून उभी राहिली. जुना कागद, लगेच जळाला. निघताना काका फाटकापर्यंत आले. "चौकशी येईन कधी तं तुमच्या गावात येईन," ते म्हणाले. "तुझ्या बापाले एवढंच म्हणजो, मा. पोलिसानं विचारलं, हा तुमच्या गावचा आहे का, तं हो म्हणा. बस. आनखी काई नाई."

घरी पोचले तेव्हा बाबा पडवीत फाटलेलं जाळं सांधत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. जन्मगावाचं सांगितलं, चुलीचं सांगितलं, निरोप सांगितला. काही लपवलं नाही की गोड केलं नाही. बाबांची सुई चालूच होती.

"म्हणन मी हो," ते म्हणाले. "एवढ्या वर्षाचा माणूस आहे, काऊन नाई म्हणन?"

उशिरा का होईना, माझ्या बापाच्या तोंडून हे निघालं, ह्याचाच मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पायांशी खाली बसले. त्यांनी धागा दाताने तोडला.

"फक्त त्याले सांगून दे," बाबा म्हणाले, "लेखी मागू नोको म्हणा."